हळदीचा डाग पडला तरी वाचता येणारा चौकोन

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवऱ्यातल्या एखाद्या मुलाच्या दप्तरातून बालभारतीचं पुस्तक काढा आणि पहिलं पान उघडा. तिथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. पुढे पाठापाठांतही असे चौकोन आहेत. आपण त्याला क्यूआर कोड म्हणतो, फोन समोर धरतो आणि धडा सुरू होतो. आता एक प्रयोग करा. चौकोनाच्या मधल्या भागावर बोटाचं टोक ठेवून थोडे ठिपके झाका आणि पुन्हा स्कॅन करा. बहुतेक वेळा धडा तरीही उघडतो. जे ठिपके कॅमेऱ्याला दिसलेच नाहीत, ते त्याने वाचले कसे?

हा चौकोन 1994 साली जपानमध्ये जन्मला. डेन्सो वेव्ह कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांना मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट करायची होती. जुन्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत. ‘गो’ या खेळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना सुचलं, की माहिती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे मांडता येईल. आज सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये 7089 अंक बसतात. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात. त्यांच्यावरून कुठूनही रेघ ओढली, तरी मध्यातून जाताना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच मिळतं. हे प्रमाण छापील कागदावर इतरत्र क्वचितच सापडतं, म्हणून हारा यांनी ते निवडलं. पुस्तक उलटं धरलं तरी फोन गोंधळत नाही, तो यामुळेच. तुमच्या प्रयोगात मात्र हे कोपरे झाकू नका.

झाकलेल्या ठिपक्यांचं उत्तर दहावीच्या बीजगणितात सापडतं. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. समजा, मला तुम्हाला एक रेषा कळवायची आहे. दोन बिंदू पाठवले तरी पुरेल, पण मी मुद्दाम त्याच रेषेवरचे चार पाठवले. वाटेत एक बिंदू चुकला, तर उरलेले तीन एका ओळीत बसतात आणि चौथा बाहेर पडतो. चूक कोणती, हे समजतं आणि ती दुरुस्तही होते. 1960 साली इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी याच विचारातून गणिती पद्धत बांधली. क्यूआर कोड तीच वापरतो. सर्वांत भक्कम प्रकारात जवळजवळ 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. व्हॉयेजर 2 यानाने 1986 साली युरेनसची छायाचित्रं पृथ्वीवर पाठवली, तेव्हा वाटेतल्या चुका दुरुस्त करायला हीच पद्धत होती. पाठ्यपुस्तकावर हळदीचा डाग पडला, तरी कविता ऐकू येते ती त्याच गणिताच्या बळावर!

पण ठिपक्यांनी मूल शिकत नाही. त्यांच्यामागे काय ठेवायचं, हे शिक्षकाला सुचावं लागतं. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांना ते सुचलं. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांच्यामागे कवितांचे आवाज, व्हिडिओ, गोष्टी, गृहपाठ ठेवले. 2017 साली राज्य सरकारने पहिली ते बारावीच्या पुस्तकांसाठी हा मार्ग स्वीकारला. 2020 साली डिसले गुरुजींना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

फोनवरच्या अशा धड्यांतून मुलाला काय मिळतं? पहिली गोष्ट म्हणजे, थांबवण्याचा हक्क. वर्गात चाळीस मुलांपुढे ‘पुन्हा सांगा’ म्हणायला धीर लागतो. फोनवरचा धडा मात्र दहादा मागे नेला, तरी कोणी हसत नाही. दुसरी गोष्ट, स्वतःला तपासणं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिलं, की मजकूर नुसता पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो मनाशी आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहतो. धड्याखालची छोटी प्रश्नमंजूषा म्हणूनच मोलाची. उत्तर लगेच कळतं आणि वह्यांचा गठ्ठा तपासून होईपर्यंत थांबावं लागत नाही. नेटवर्क अडखळत असेल, तर पुस्तकातले हे कोड ज्यात उघडतात त्या दीक्षा ॲपवरचे धडे आधी उतरवून ठेवून नंतर इंटरनेटशिवाय चालवता येतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, ती म्हणजे पुस्तकाचं आपल्या गावाशी जुळणं. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात देवळाली प्रवरा शोधून पाहा. ठिपकासुद्धा मिळणं कठीण. फोनमधल्या उपग्रहाच्या नकाशावर मात्र वर्गातल्या वर्गात रतनगडाच्या डोंगरापासून प्रवरा नदीचा हात धरता येतो. 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण लागतं, पुढे संगमनेर तालुक्यात ओझरचा बंधारा, तिथून फुटलेले दोन कालवे. उजव्या कालव्यावरून बोट सरकवत गेलं, की राहुरी तालुका, हिरवा ऊस आणि शेवटी आपल्याच शाळेचं छप्पर. भूगोलाच्या पुस्तकातली नदी आणि घरामागचा पाट एकच आहेत, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

आणि मग प्रश्न पडतात. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की वरच्या शेतांना पाणी आधी का मिळतं? टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं किती जिरतं? हे नकाशा सांगत नाही. ते माहीत आहे पाटकऱ्याला आणि बांधावर रात्री जागून पाणी भरलेल्या आजोबांना. म्हणून शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना फोन देऊन आजोबांकडे पाठवावं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायला सांगावं. क्यूआर कोड बनवायला परवाना लागत नाही. डेन्सो वेव्हने तो सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे. मुलांनी आजोबांच्या आवाजाचा चौकोन छापून कालव्याच्या धड्याशेजारी चिकटवला, की पुस्तकात नसलेला एक धडा त्यांनी स्वतः लिहिलेला असेल, आणि पुढच्या वर्षीची मुलं तोच अभ्यासतील.