पोरं डिझाइन घेऊन आली, तर आधी "का?" विचारा

ताईंनो, कॉलेजची पोरं-पोरी आता आपल्या गावांत येऊ लागली आहेत. 2014 मध्ये उन्नत भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून कॉलेजं गावं निवडतात आणि विद्यार्थी तिथल्या अडचणीवर प्रकल्प करतात. येतात ती चित्र, मापं आणि खर्चाचा कागद घेऊन. आपण चहा करतो, "छान आहे जी" म्हणतो, फोटो होतो.

त्यांच्या कागदावर मात्र आपला गट 'क्लायंट' असतो. क्लायंट म्हणजे काम सांगणारी, तपासणारी आणि शेवटी पैसे मोजणारी. यंत्र कोपऱ्यात पडून राहिलं तरी कर्जाचा हप्ता गटालाच भरावा लागतो. म्हणून प्रत्येक गोष्टीला "हे असंच का?" विचारायचं. "सरांनी सांगितलं" हे कारण होत नाही. कारण आपल्या कामातून निघालं पाहिजे.

समजा, मोहफूल वाळवायला सोलर ड्रायर सुचवला. कागदावर लिहिलंय, एका वेळी 20 किलो फूल, दोन दिवसांत वाळतं. आता आपला हिशेब मांडा. दहा जणी रोज 10-10 किलो वेचत असतील, तर रोजचं 100 किलो झालं. म्हणजे एका दिवसाची वेचणी वाळायला दहा दिवस! तोवर पुढची फुलं काळी पडतील, आंबतील. हा हिशेब कागदावर नसेल तर तिथंच थांबवा.

दुसरं, एप्रिलच्या चंद्रपुरी उन्हात फूल अंगणातही वाळतंच. मग यंत्र कशासाठी? "माती लागते, शेळ्या तोंड घालतात, अवकाळी पाऊस येतो" असं उत्तर आलं तर ते खरं कारण आहे. पण मग पुढचं विचारा: माती लागते कधी, वाळवताना की वेचताना? हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. फूल झाडावरून पडतं तेव्हाच माती आणि कचरा चिकटतो. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतो, त्याची राख लागते. तीच आग कधी कधी जंगलात शिरते, ते वेगळंच.

छत्तीसगडात खाण्यासाठीचं स्वच्छ मोहफूल मिळावं म्हणून झाडाखाली जाळी बांधतात. फूल जमिनीला लागतच नाही, पाचोळा जाळायचीही गरज नाही. मग आधी जाळी, आणि पावसापुरता लहान ड्रायर, असं डिझाइन आपल्याला जास्त उपयोगाचं ठरू शकतं. यात पोरांना दोष देऊ नका. आपण "फूल खराब होते" एवढंच सांगितलं, तर ती वाळवणीपाशीच थांबणार. कोण वेचते, किती वाजता, रोज किती किलो, कुठं वाळवते, हे सांगा. जमलं तर पहाटे त्यांना सोबत न्या, पण चार-पाच जणी मिळूनच. अंधारात नको, वाघा-अस्वलाचं तुम्हाला सांगायला नको.

जाळीलाही प्रश्न विचाराच. गुरं अडकली तर? झाड दुसऱ्याच्या वाटणीचं असेल तर? फाटली तर शिवणार कोण, आणि सामान तालुक्याच्या बाजारात मिळतं का? मोठी खरेदी करण्याआधी एका झाडाला जाळी बांधा, शेजारचं झाड तसंच ठेवा. आठ दिवस दोन्हीकडचं स्वच्छ फूल वेगवेगळं मोजा आणि वहीत लिहा. तोवर पैशाचा ठराव घेऊ नका.

जाताना पोरं गटाच्या लेटरहेडवर पत्र मागतात. "प्रकल्प उत्तम" एवढंच लिहून शिक्का मारू नका. काय चाललं, काय बदलायला सांगितलं आणि का, हे लिहा. परीक्षकांपुढं त्यांना हेच विचारलं जातं, तेव्हा तुमचं पत्र त्यांच्या कामी येईल. त्याची एक प्रत गटाच्या फाइलीत लावा. पुढच्या वर्षी दुसरी पोरं आली की आधी तीच वाचायला द्या.