रबराची तबकडी उडते कशी?



शिक्षकानें फळ्यावर चुकीचें उत्तर लिहिलें तर तें पुसतां येतें. मुलाच्या मनावर लिहिलेलें तितक्या सहज पुसलें जात नाहीं. असें एक उत्तर मीं माझ्या नातवाला दिलें, आणि तें दुरुस्त करण्याच्या खटपटींतून आजचें हें भाषण निघालें आहे.

हकीकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत राहतो. तो सुट्टींत घरीं आला तेव्हां माझ्या नातवासाठीं आपल्या खेळांतील दोन तबकड्या घेऊन आला. एक प्लॅस्टिकची व दुसरी रबराची. दोन्ही एकाच कामाच्या, आणि दोन्ही बरींच वर्षें वापरलेल्या. आम्ही आजे-नातू रोज सकाळीं मैदानावर जाऊन त्या फेंकूं लागलों. आठवडाभरांत असें दिसून आलें कीं, प्लॅस्टिकची तबकडी उजवीकडे ओढ घेई. रबराची मात्र सरळ जाऊन शेवटीं डावीकडे अलगद उतरे. नातवानें विचारलें, "आजोबा, ही रबराचीच सरळ कां हो जाते?" मीं सवयीच्या अधिकारानें सांगून टाकलें, "अरे, रबर जड आणि चिवट असतें, म्हणून तें हवेला दबत नाहीं." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग रबराचा चेंडू कां नाहीं असा जात?" मजपाशीं उत्तर नव्हतें.

प्रथम हा खेळ कोणता तें सांगतों. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्यें काठीनें चेंडू मारीत मारीत एका भोंकांत घालावयाचा असतो. येथें चेंडूऐवजीं तबकडी हातानें फेंकावयाची, आणि भोंकाऐवजीं एका खांबावर लोंबत्या साखळ्यांची टोपली असते. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलींत पडली कीं तो टप्पा संपला. जी जेथें पडेल तेथूनच पुढची फेंक करावयाची, आणि ज्याच्या फेंकी सर्वांत कमी तो जिंकला. फ्रिस्बी नांवाच्या तबकडींत सुधारणा करून १९६७ मध्यें तिचें पेटंट मिळविणारे एड हेड्रिक यांनीं १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह येथें या खेळाचें पहिलें रीतसर मैदान उभारलें; साखळ्यांची टोपलीही त्यांचीच. १९७६ मध्यें खेळाडूंची संघटना निघाली, आणि तबकड्यांचीं मापें व वजनें यांचे नियम आज तीच ठरविते.

आतां तबकडीचा आकार डोळ्यांपुढें आणा. एखादें लहान ताट उपडें घातलें आहे असें समजा. त्याची पाठ किंचित फुगीर आणि काठ जाड व खालीं वळलेला. जुन्या फ्रिस्बीचा काठ गोलसर असे. १९८३ मध्यें इनोव्हा कंपनीनें 'ईगल' ही तबकडी काढली, तींत काठ बाहेरच्या बाजूस पाचरीसारखा निमुळता केला होता. त्यामुळें ती हवा कापीत अधिक दूर जाऊं लागली, आणि तेव्हांपासून या खेळाच्या तबकड्या अशाच काठाच्या होऊं लागल्या.

अशी तबकडी नाक किंचित वर करून हवेंत शिरली म्हणजे तिच्यावरून वाहणारी हवा खालीं वळते, आणि हवेला खालीं लोटल्याच्या बदल्यांत तबकडीला वर उचल मिळते. परंतु ही उचल नेहमीं तबकडीच्या बरोबर मध्यावर लागत नाहीं. वेग मोठा असून तबकडी जवळजवळ सपाट चालली असेल तेव्हां ती मध्याच्या मागें लागते व पुढचा काठ खालीं दाबूं पाहते. वेग मंदावला व नाक हवेंत वर राहिलें म्हणजे तीच उचल मध्याच्या पुढें सरकते व पुढचा काठ वर उलटवूं पाहते. न फिरणारी तबकडी अशा वेळीं कोलांटी खाऊन खालीं येईल.

येथें गिरकी उपयोगी पडते. आपण लहानपणीं भोंवरा फिरविला असेल. वेगानें फिरणाऱ्या भोंवऱ्याला बाजूनें हलकेंच बोट लावा. तो बोटापासून समोर लवंडत नाहीं, तर त्या दिशेशीं काटकोनांत कलतो. फिरत्या वस्तूचा हा स्वभावच आहे. उजवा हात छातीपाशीं आडवा घेऊन बाहेरच्या बाजूस झोंकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. तिचा पुढचा काठ खालीं दाबला गेला म्हणजे ती नाकावर न पडतां उजवीकडे कलते. तोच काठ वर ढकलला गेला म्हणजे ती डावीकडे कलते. चांगल्या जोराच्या फेंकीचा मार्ग त्यामुळें नागमोडी असतो: आरंभीं थोडी उजवीकडे, मग सरळ, आणि शेवटीं वेग सरला कीं डावीकडे. डावऱ्या माणसाच्या फेंकींत हें सारें उलट समजावें.

कोणती तबकडी किती उजवीकडे झुकेल व किती डावीकडे उतरेल, हें मुख्यतः काठाच्या घडणीवर ठरतें. निमुळत्या काठाचें टोंक किंचित खालीं असलें तर तबकडी उजवीकडे सहज झुकते. तें किंचित वर असलें तर डावीकडची ओढ वाढते. हा फरक मिलिमीटरच्या अंशांत असला तरी शंभर मीटरांच्या फेंकींत नजरेंत भरण्याइतका होतो.

मग वजनाचें काय? संघटनेच्या नियमाप्रमाणें तबकडीचा व्यास निदान २१ सेंटीमीटर असावा लागतो, आणि व्यासाच्या दर सेंटीमीटरामागें तिचें वजन ८.३ ग्रॅमांपेक्षां अधिक असूं नये. म्हणजे २१.२ सेंटीमीटर व्यासाची तबकडी सुमारें १७६ ग्रॅमांहून जड असूं शकत नाहीं. मग ती रबराची असो वा प्लॅस्टिकची. रबर जड म्हणून सरळ जातें, हें माझें उत्तर येथेंच निकालांत निघालें. हवेला तबकडीचा आकार कळतो, वजन कळतें, वेग, गिरकी व कल कळतो. ती कशाची केली आहे हें हवेला कळत नाहीं. उडतो तो आकार, रबर नव्हे.

तथापि आमच्या दोन तबकड्या निराळ्या वागत होत्या ही गोष्टही खरी होती. तेव्हां रबराचें काम कोठें तरी असलेंच पाहिजे. तें तीन ठिकाणीं आहे: उड्डाणाच्या आरंभीं हातांत, उड्डाणाच्या शेवटीं जमिनीवर वा साखळीवर, आणि दोन उड्डाणांच्या मध्यें, म्हणजे तबकडीच्या एकंदर आयुष्यांत.

आमची रबराची तबकडी व्हायब्रम कंपनीची. या नांवामागची कथा सांगण्यासारखी आहे. विताले ब्रामानी हे इटलींतील गिर्यारोहक. १९३५ मध्यें आल्प्समधील एका चढाईंत त्यांचे सहा सोबती दगावले. त्या काळच्या बुटांचे तळ बर्फांत व खडकावर पुरेसे उपयोगी नव्हते, म्हणून ब्रामानी यांनीं पिरेली या टायरच्या कंपनीच्या साहाय्यानें १९३७ मध्यें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला. त्यांच्याच नांवांतील अक्षरें जोडून व्हायब्रम हें नांव झालें. बुटाचे तळ करणाऱ्या या कंपनीनें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस रबराच्या तबकड्या काढल्या, आणि 'सोल', 'लेस', 'रिज', 'समिट' अशीं बुटांवरून व डोंगरांवरून त्यांना नांवें दिलीं. नरम, मध्यम व कठीण अशा तीन प्रकारच्या मिश्रणांत त्या मिळत.

पहिलें ठिकाण हाताचें. रबराची तबकडी बोटांना घट्ट बिलगते. पावसांत भिजलेलें गुळगुळीत प्लॅस्टिक साबणाच्या वडीसारखें निसटतें. रबर ओल्या बोटांतही टिकून राहतें. थंडींत पुष्कळ प्लॅस्टिकें ताठ व निसरडीं होतात, रबर आपला मऊपणा बराच राखतें. परंतु या गुणालाच एक दोष चिकटलेला आहे. तबकडी बोटांतून केव्हां सुटते यावर तिची दिशा ठरते. घट्ट धरणारें रबर क्षणभर उशिरां सुटलें तर उजव्या हाताच्या माणसाची फेंक ठरल्या दिशेच्या उजवीकडे जाते. प्लॅस्टिकवरून रबरावर येणाऱ्याचे पहिले दिवस म्हणूनच मनःस्ताप देणारे असतात. आमचेही तसेच गेले. पकड थोडी सैल केली, तेव्हां कोठें तबकडी सांगितल्या वाटेनें जाऊं लागली.

दुसरें ठिकाण उड्डाणाच्या शेवटाचें. रबर आपटलें म्हणजे आपल्यांतील गतीचा कांहीं भाग पिऊन टाकतें. कठीण प्लॅस्टिक साखळीवर खणकन् आपटून मागें उसळूं शकतें. नरम रबर साखळ्यांत रुतल्यासारखें होऊन खालीं टोपलींत पडतें. जवळून टोपलींत टाकावयाच्या तबकड्यांना नरम रबर सोयीचें, तें याच कारणानें. सपाट जमिनीवर उतरलेली रबराची तबकडी फारशी घसरत नाहीं, लवकर थांबते. ती काठावर पडली तर मात्र रबराची तीच पकड तिला चाकासारखी घरंगळावयास लावूं शकते. लांब फेंकीसाठीं मात्र फार नरम रबर बरें नव्हे. जोराच्या झटक्यानें काठ वांकतो, तबकडी थरथरत निघते आणि अंतर कमी होतें. तेथें कठीण मिश्रणच हवें.

तिसरें ठिकाण आयुष्याचें, आणि माझ्या नातवाच्या प्रश्नाचें खरें उत्तर येथें आहे. प्लॅस्टिक तापवून वितळवितात व सांच्यांत दाबून भरतात; तें थंड होऊन घट्ट बसतें, आणि पुन्हां तापविलें तर पुन्हां वितळतें. रबराची गोष्ट निराळी. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व हिवाळ्यांत ठिसूळ होई. १८३९ मध्यें चार्ल्स गुडइअर यांना असें आढळलें कीं, गंधकाबरोबर तापविलें असतां रबर हे दोन्ही दोष टाकून लवचिक व टिकाऊ होतें. हा शोध त्यांना लागला तो मॅसॅच्युसेट्समधील वुबर्न गांवीं. गंधकाचे अणु रबराच्या लांब धाग्यांमध्यें पूल बांधतात. मग तो तुकडा पुन्हां वितळत नाहीं, आणि ताणला वा दाबला तरी पूर्वीच्या आकाराकडे परत येतो. रबराची तबकडी सांच्यांत दाबाखालीं अशीच शिजून तयार होते.

झाडावर किंवा दगडावर आपटतां आपटतां प्लॅस्टिकच्या काठाला बारीक खांचा पडतात, टोंक झिजतें, आणि सरळ जाणारी तबकडी हळूहळू उजवीकडे ओढ घेऊं लागते. रबराचा काठ मार खाऊन परत सांवरतो. त्यामुळें पहिल्या दिवशीं ती जशी उडे, जवळजवळ तशीच पुष्कळ दिवसांनींही उडते. आमची प्लॅस्टिकची तबकडी वाईट नव्हती. ती झिजली होती, एवढेंच. काठावर बोट फिरवून नातवानें तें स्वतःच शोधून काढलें.

आतां कोणी म्हणेल, असें असेल तर सर्वांनीं रबरच कां न वापरावें? खेळाडूंनाही आपलीं कारणें आहेत. रबर धूळ व माती ओढून घेतें, बोटांतून सुटण्याची त्याची तऱ्हा सर्वांच्या हाताला मानवत नाहीं. शिवाय कांहीं खेळाडू झिजलेली तबकडी मुद्दाम जपून ठेवतात, कारण उजवीकडची वळणें तिच्याकडून हवी तशीं काढून घेतां येतात; रबर तशी सोय लवकर देत नाहीं. व्हायब्रमनें २०१८ मध्यें तबकड्या करणें बंद केलें. पूर्वीं झालेल्या तबकड्या मात्र अजून हातोहात फिरतात.

माझ्यासारख्या जुन्या मास्तराला या तबकडींत एक निराळाच गुण दिसतो. "नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपण सर्वांनीं ऐकली आहे. झिजणाऱ्या तबकडीनें खेळणाऱ्याला अंगण वांकडें म्हणण्याची सोय असते, आणि कधीं कधीं तें अंगण खरोखरच वांकडें झालेलें असतें! तेव्हां चूक हाताची कीं तबकडीची हें शिकणाऱ्याला कळेनासें होतें. न बदलणारी तबकडी हातांत असली म्हणजे ही सबब उरत नाहीं. कालच्या जागेवरून कालच्याच रीतीनें फेंकून ती आज निराळीकडे गेली, तर वारा पाहावा, आणि वाराही नसेल तर आपला हात तपासावा. नव्या शिकणाऱ्याला हें थोडें कडू लागतें; पण वजनांचा खोटेपणा काढून टाकल्याखेरीज तराजूचा खरेपणा कळत नाहीं.

त्या दिवशीं संध्याकाळीं मीं नातवाला सांगितलें, "अरे, माझें उत्तर चुकलें होतें. रबर सरळ जात नाहीं, आकार सरळ जातो. रबर तो आकार राखतें." त्यानें मान हलविली आणि लगेच विचारलें, "आणि काल ती तुमच्या हातून विहिरीकडे गेली होती, ती?"

त्या वेळीं वारा नव्हता, हें मला कबूल करावें लागलें.