पुरवणी ग्रंथ कसा निवडावा?

ज्या खेळांत हार नाहीं व जीतहि नाहीं, ज्याला पट व सोंगट्या असल्या तर बरें, नसल्या तरी अडत नाहीं, असा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेंत उदयास येऊन जगभर पसरला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हें त्याचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. चारपांच सोबती मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक जण सूत्रधार होतो. त्यास 'डंजन मास्टर' असें म्हणतात. बाकीचे कोणी योद्ध्याचें, कोणी मांत्रिकाचें, कोणी चोराचें सोंग घेतात. सूत्रधारानें प्रसंग सांगावा, इतरांनीं आपण काय करतों तें सांगावें, आणि फलाविषयीं संशय असेल तेथें वीस बाजूंच्या फाशानें निर्णय करावा, असा याचा क्रम आहे.

खेळाचे नियम मुख्यतः तीन ग्रंथांत आहेत: एक खेळाडूंसाठीं, एक सूत्रधारासाठीं व एक राक्षसांच्या वर्णनाचा. परंतु मूळ प्रकाशकांवांचून इतरांनींहि या खेळास पुष्कळ पुरवणी ग्रंथ जोडले आहेत. 'जजेस गिल्ड' या संस्थेनें १९७६ मध्येंच एका कल्पित नगरीचें वर्णन नकाशासह छापलें होतें. पुढें १९९७ मध्यें हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीच्या हातीं गेला. तिनें २००० मध्यें तिसरी आवृत्ति काढतांना खुला परवाना दिला. त्यामुळें कोणाहि प्रकाशकास मूळ नियमांच्या आधारें ग्रंथ छापण्याची मुभा मिळाली. तेव्हां ग्रंथांचा पूर लोटला. आणि पुराबरोबर गाळहि येतोच. २००३ मध्यें नियमांत सुधारणा झाली व आदल्या तीन वर्षांतील कित्येक ग्रंथ जुने ठरून दुकानांत पडून राहिले. पांचव्या आवृत्तीचे नियम २०१६ मध्यें खुले झाल्यावर पुन्हां तसेंच झालें. २०२३ च्या जानेवारींत कंपनीनें परवाना आवळण्याचें योजिलें. परंतु लोकांनीं मोठी ओरड केल्यामुळें त्याच महिन्यांत मूलभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या मागें न घेतां येणाऱ्या परवान्याखालीं सर्वांस मोकळे झाले. तात्पर्य, ग्रंथांची वाण आतां पडणार नाहीं. वाण आहे ती विवेकाची.

कोणी म्हणेल, खेळाच्या पुस्तकासाठीं एवढा विचार कशाला? आमचें उत्तर असें. हे ग्रंथ आपल्याकडे बहुधा परदेशांतूनच येतात, व त्यांची किंमत विद्यार्थ्याच्या खिशास हलकी नसते. परंतु पैशापेक्षांहि मोठी हानि दुसरीच आहे. मंडळींपैकीं एकाच्या हातीं अवाजवी बळ आलें कीं, त्याच्यापुढें बाकीचे केवळ प्रेक्षक होतात. त्याला तोडीस तोड म्हणून सूत्रधार राक्षस अधिक बलिष्ठ करतो, तर त्या राक्षसांपुढें इतरांचीं पात्रें पहिल्याच तडाख्यांत पडतात. मग एकेक जण येईनासा होतो, आणि वर्षभर जमलेली मंडळी एका पुस्तकापायीं मोडते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, कीं आपल्या खेळांत उणें काय आहे? समजा, खेळाडूंस स्वतःची गढी बांधून राज्य करण्याची हौस उत्पन्न झाली. २०१४ च्या मुख्य ग्रंथांत या गोष्टीचे नियम फारच थोडे होते. ती उणीव भरून काढणारा मॅट कॉलव्हिल यांचा 'स्ट्राँगहोल्ड्स अँड फॉलोअर्स' हा ग्रंथ पुष्कळांस उपयोगी पडला. परंतु २०२४ मध्यें सुधारलेल्या सूत्रधाराच्या ग्रंथांतच गढीचे नियम आले. तेव्हां जें घरांत आहे तें बाजारांतून आणूं नये. शिवाय कोणताहि ग्रंथ २०१४ च्या नियमांस अनुसरून आहे कीं २०२४ च्या, हें मुखपृष्ठावरील चित्रापेक्षां आधीं पाहावें.

दुसरा प्रश्न ग्रंथाच्या जातीचा. साहसकथा व राक्षससंग्रह हे सूत्रधाराच्या हातांत राहतात. 'कोबोल्ड प्रेस'चा २०१६ सालचा 'टोम ऑफ बीस्ट्स' घ्या; त्यांत चारशेंहून अधिक प्राणी आहेत. त्यांतील एखादा न साधला तर एक संध्याकाळ फुकट जाईल, इतकेंच. परंतु नवे पेशे, नवे मंत्र व नव्या सिद्धि देणारा ग्रंथ खेळाडूच्या हातीं जातो, आणि एकदां दिलेलें बळ परत मागणें म्हणजे मनें दुखावणें होय. याकरितां नवशिक्या मंडळीनें आरंभ पहिल्या जातीच्या ग्रंथांनीं करावा हें बरें.

तिसरा प्रश्न वजनाचा, व तो साध्या गणितानें सुटतो. वीस बाजूंच्या फाशावर एकाची वाढ म्हणजे शेंकडा ५ ची वाढ. पहिल्या पायरीच्या योद्ध्यास हल्ल्यांत बहुधा ५ ची भर असते. गॉब्लिन नांवाच्या क्षुद्र राक्षसाचा बचाव १५ चा; म्हणजे फाशावर १० किंवा अधिक पडल्यास वार लागतो, व यश शेंकडा ५५ वेळां येतें. नव्या ग्रंथानें सहज म्हणून आणखी ३ ची भर दिली कीं तेंच यश ७० वर जातें. पहिल्या पायरीपासून विसाव्या पायरीपर्यंतच्या सर्व प्रवासांत कौशल्याचा अंक २ पासून ६ पर्यंत, म्हणजे अवघा ४ नें वाढतो, हें लक्षांत आणिलें म्हणजे त्या ३ ची किंमत कळेल. मंत्रांचेंहि तसेंच. मूळ ग्रंथांतील तिसऱ्या पायरीचा अग्निगोल सहा बाजूंच्या आठ फाशांची, म्हणजे सरासरी २८ ची इजा करतो, व तो आपल्या पायरीवर प्रबळच गणला जातो. त्याच पायरीचा नवा मंत्र बारा फाशांची, म्हणजे ४२ ची इजा करीत असेल, व त्याला कांहींच अट नसेल, तर जुने मंत्र कोण शिकेल? असा ग्रंथ खेळांत भर घालीत नाहीं. तो जुन्याची जागा घेतो.

एवढें पाहून झाल्यावर नमुन्याचीं पानें मिळाल्यास वाचावीं. अनेक प्रकाशक तीं फुकट देतात. नियम दोनदां वाचूनहि दोघांनीं दोन अर्थ काढले, तर मेजावर तंटा ठरलेलाच. नंतर मंडळींस विचारून एका वेळीं एकच ग्रंथ घ्यावा, आणि तीन बैठकींनंतर तो ठेवावा कीं बाजूस सारावा याचा पुन्हां विचार करूं असें आधींच ठरवावें. अशी बोली अगोदर झाली म्हणजे कोणास राग येत नाहीं. सूत्रधाराचा शब्द यांत अखेरचा असावा, कारण रात्र जागून तयारी त्यालाच करावी लागते. पण त्यानेंहि स्वतःच्या हौसेसाठीं इतरांवर ग्रंथ लादूं नये.

सोबत्यांनीं मिळून एक कथा रचावी हें या खेळाचें खरें धन होय, आणि तें तीन मुख्य ग्रंथांवरहि भरपूर मिळतें. ज्या पुस्तकामुळें मेजाभोंवतींच्या प्रत्येकास बोलावयास अधिक जागा होईल तें जरूर घ्यावें. ज्यामुळें एकाचाच आवाज वाढेल तें कितीहि सुंदर असलें तरी दुकानांतच शोभतें, असें आमचें नम्र मत आहे.