ठिणगीची वेळ : जुन्या मोटारीतील एक दुर्लक्षित दोष

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने तयार होऊ लागलेली आणि १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली ही मोटार काही खासगी मालकांनी मात्र आजही हौसेने जपली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केंद्र शासनाने २०२१ मध्ये केल्यामुळे अशा जतनकार्यास अधिकृत आधारही लाभला आहे. परंतु या गाड्यांच्या दुरुस्तीत एक चूक वारंवार घडते. गाडी घाटात दम टाकू लागली, पाणी उकळू लागले किंवा पेट्रोल अधिक लागू लागले, की प्रथम कार्ब्युरेटर खोलला जातो, नंतर रेडिएटरवर खर्च होतो. दोष पुष्कळदा असतो तो ठिणगीच्या वेळेत, म्हणजेच टायमिंगमध्ये.

सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एकदम पेटत नाही. ज्योत पसरण्यास सुमारे दोन सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तेवढ्या अवधीत क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरतो. ७५० फेऱ्यांवर तो केवळ ९ अंश फिरतो. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचून खाली वळू लागताच त्याच्यावर पुरेपूर दाब यावयाचा असेल, तर ठिणगी त्याआधीच पडली पाहिजे आणि वेग वाढेल तसतशी ती अधिक आधी पडली पाहिजे. वेगानुसार हा बदल घडविण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील स्प्रिंगने बांधलेली दोन लहान वजने करतात. मूळची वेळ मात्र माणसाने हाताने लावावी लागते. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट ही चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली, आणि पद्मिनीपर्यंत ती तत्त्वतः तशीच राहिली.

ठिणगी उशिरा पडू लागली, की इंजिन सुस्तावते. मिश्रणाचे जळणे लांबते, उष्णता दट्ट्याला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टवाटे बाहेर जाते, नळी तापून लाल होते आणि पाणी उकळते. ठिणगी फार लवकर पडली, तर चढावर, जड गिअरमध्ये, डब्यात खडे खुळखुळावेत असा आवाज येतो. मिस्त्री यास नॉकिंग म्हणतात. हा आवाज केवळ कानास अप्रिय नाही. न जळलेले मिश्रण दाबाने आपोआप पेटल्याची ती खूण असून दुर्लक्ष झाल्यास दट्ट्याचा माथा वितळतो किंवा हेड गॅस्केट फुटते. हँडल मारून सुरू कराव्या लागणाऱ्या गाडीत तर अवेळी पडलेल्या ठिणगीने हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असतो.

दोषाचे मूळ बहुधा पॉइंटमध्ये सापडते. पॉइंटच्या हलत्या हातावरील फायबरचा ठोकळा कॅमवर घासून हळूहळू झिजतो. फट कमी होते. पॉइंट उशिरा उघडतात. ठिणगीही तितकीच उशिरा पडते. हे इतके सावकाश घडते की चालकाच्या ध्यानात येत नाही. मग कोणी तरी डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून गाडीत जोर आणतो. पुढे दुसरा कारागीर नवे पॉइंट बसवितो, फट अचूक ठेवतो, आणि कालपर्यंत बरी चालणारी गाडी घाटात खडखडू लागते. दोष नव्या पॉइंटचा नसतो. जुन्या झिजेसाठी दिलेली सवलत काढून घेण्याचे राहून गेलेले असते. म्हणून प्रथम फीलर गेजने फट निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठेवावी, आणि त्यानंतरच टायमिंगला हात लावावा. कानाने टायमिंग लावणारे कसबी मिस्त्री आजही आढळतात, परंतु सर्वांत तयार कानालाही पॉइंटमधील फट मोजता येत नाही.

वेळ तपासण्यास बारा व्होल्टचा एक लहान दिवा पुरतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा व गाडी गिअरमध्ये नसताना इंजिन हाताने फिरवावे. अंगठ्यास दाब जाणवला म्हणजे दट्ट्या दाबाच्या फेरीत वर येत आहे असे समजावे. कारण तो वरच्या टोकाला दोनदा येतो आणि चुकीची फेरी धरल्यास गाडी मुळीच सुरू होत नाही. आता पुलीवरील खूण पुस्तिकेतील अंशावर आणावी. दिव्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकास व दुसरी इंजिनाच्या धातूस जोडून किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो, उघडताक्षणी पेटतो. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने वळविल्यास ठिणगी आधी पडते, त्याच दिशेने वळविल्यास उशिरा. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून एक अंश वळविणे म्हणजे क्रँकचे दोन अंश. हात हलका हवा.

टायमिंग लाइटखाली पुलीवरील खूण स्थिर न राहता नाचत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश किंवा टायमिंग चेन झिजलेली असण्याचा संभव आहे. तेथे कितीही वेळ जुळवून उपयोग होत नाही. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमाने आहेत, एवढेही पाहून घ्यावे.

पुस्तिका लिहिली गेली तेव्हाचे पेट्रोल आता मिळत नाही. देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. त्यामुळे पुस्तिकेतील अंश हा आरंभ समजून अखेरची जुळणी चढावर करावी. गाडी तापल्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता क्षणभर पुसट खडखड होऊन ती लगेच विरली, तर वेळ योग्य आहे. ती टिकून राहिली, तर गाडी थांबवून डिस्ट्रिब्यूटर किंचित मागे घ्यावा, बोल्ट आवळावा आणि नव्या जागेवर रंगाची बारीक खूण करून ठेवावी.