महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, मग एफडीचं व्याज का घटलं?

ऑक्टोबर २०२५मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतला हा नीचांक. तरी किराण्याचं बिल तेवढंच येतंय ना? कारण हा दर म्हणजे भाव नव्हे, भाव वाढण्याचा वेग. त्यात २०२४च्या ऑक्टोबरमध्ये भाज्या कडाडल्या होत्या, महागाई ६.२१ टक्के होती. त्या चढ्या भावांशी तुलना झाल्याने २०२५चा आकडा इवलासा दिसला. यालाच म्हणतात ‘बेस इफेक्ट’. त्या मालिकेच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे कांदा-टोमॅटो घसरले की अख्खा आकडा घसरायचा. (शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, ते हा आकडा सांगत नाही.)

रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के. महागाई त्याखाली गेल्याने २०२५मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेलं गृहकर्ज असेल तर बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. हप्ता कमी हवा असेल तर बँकेला तसं सांगा. जुन्या एफडीला मुदत संपेपर्यंत ठरलेलंच व्याज मिळतं, फटका बसतो नूतनीकरणावेळी. व्याजावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठांनी सगळ्या ठेवी एकाच महिन्यात मुदत संपेल अशा ठेवू नयेत. आणि बेस इफेक्ट पुढच्या वर्षी उलटाही फिरतो.