विश्लेषण : कुलूप असूनही घरफोडी! लिनक्सच्या गाभ्यातील ‘डर्टी काऊ’ त्रुटी नऊ वर्षे कशी टिकली?

अँड्रॉइड फोन, घरातला वाय-फाय राउटर आणि जगभरातील असंख्य सर्व्हर यांच्या मुळाशी एकच सॉफ्टवेअर असते, ते म्हणजे लिनक्सचा गाभा अर्थात ‘कर्नल’. कोणत्या ॲपला किती मेमरी द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, हे कर्नल ठरवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये या कर्नलमधील एक त्रुटी उघड झाली. तिचे नाव ‘डर्टी काऊ’, अधिकृत नोंद सीव्हीई-२०१६-५१९५. सामान्य वापरकर्त्याला थेट यंत्राचा सर्वाधिकारी बनवणारी ही फट २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होती. प्रोग्रामच्या ओळी कोणालाही वाचायला खुल्या असूनही ती नऊ वर्षे टिकली, कारण ती कोणत्याही एका ओळीत नव्हतीच. दोन कामे एकाच वेळी चालू असताना त्यांच्या मधल्या क्षणात ती दडली होती.

एकाच वेळी दोन कामे झाली तर बिघडते काय?

आजच्या साध्या फोनच्या प्रोसेसरमध्येही बहुधा आठ कोअर असतात. म्हणजे कर्नलचे काम आठ ठिकाणी खरोखर एकाच क्षणी सुरू असू शकते. समजा, मेमरीचा एक तुकडा पाच जण वापरत आहेत आणि कर्नलने तो आकडा लिहून ठेवला आहे. आणखी दोघे आले, तर आकडा सात व्हायला हवा. पण एकाने वाढवणे हीसुद्धा तीन पायऱ्यांची क्रिया असते : वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोन कोअरनी एकाच वेळी ‘पाच’ वाचले, तर दोघेही ‘सहा’ लिहितात. पुढे सहा जण निघून गेले की आकडा शून्य होतो, कर्नल तो तुकडा मोकळा करून दुसऱ्याला देते आणि सातवा मात्र अजून तिथेच बसलेला असतो. यालाच ‘रेस कंडिशन’ म्हणतात. लाख वेळा चाचणी घेतली तरी ती न दिसता लाख एकाव्या वेळी घडू शकते. चुकीची ओळ दाखवता येते, चुकीचा क्षण दाखवणे अवघड.

मग कुलूप लावले की झाले?

मूळ कल्पना तीच. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ‘सेमाफोर’ मांडला. हे नाव रेल्वेच्या हात खाली-वर होणाऱ्या सिग्नलचे. एकेरी मार्गावर एक गाडी आत असेल तर दुसरीला थांबवायचे, हाच नियम मेमरीलाही लागू केला.

प्रश्न येतो तो थांबायचे कसे याचा. चाळीतले सामाईक न्हाणीघर आठवा. आत कोणी असेल तर दोन मार्ग. दाराशीच उभे राहून सतत ‘झाले का?’ विचारत राहायचे किंवा ‘रिकामे झाले की हाक मारा’ असे सांगून घरी जायचे. पहिल्या प्रकाराला कर्नलमध्ये ‘स्पिनलॉक’ म्हणतात, दुसऱ्याला ‘म्युटेक्स’. काम क्षणभराचे असेल तर दाराशी उभे राहणे परवडते, घरी जाऊन परत येण्यातच जास्त वेळ जातो. काम लांबणार असेल तर उभे राहणे म्हणजे कोअर फुकट जाळणे. शिवाय स्क्रीनला बोट लागले किंवा नेटवर्कवरून डेटा आला की हातातले काम तोडून कर्नलला त्या हाकेला ओ द्यावी लागते. अशा प्रसंगी झोपायची मुभाच नसते, तिथे म्युटेक्स चालत नाही.

किती कुलपे लावायची, हा त्याहून मोठा वाद. लिनक्सने १९९६ मध्ये २.० या आवृत्तीपासून अनेक प्रोसेसरना आधार दिला, तेव्हा सोपा मार्ग धरला : अख्ख्या कर्नलला एकच मोठे कुलूप, ‘बिग कर्नल लॉक’. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलच्या आत. सुरक्षित, पण बाकीचे प्रोसेसर दाराशी ताटकळत. मग ते कुलूप फोडून त्याची शेकडो बारीक कुलपे करण्यात आली. मोठे कुलूप पूर्णपणे हटवायला २०११ उजाडले. बारीक कुलपांनी नवे दुखणे आणले. माझ्याकडे ‘अ’ची किल्ली, मला ‘ब’ हवी. तुमच्याकडे ‘ब’ची, तुम्हाला ‘अ’ हवी. दोघेही कायमचे थांबून. या ‘डेडलॉक’चा धोका आधीच ओळखण्यासाठी इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये ‘लॉकडेप’ ही तपासणी कर्नलमध्ये आणली. कोणते कुलूप कोणत्या क्रमाने घेतले जाते याची ती नोंद ठेवते आणि उलटा क्रम दिसला की प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच ओरडते.

‘डर्टी काऊ’मध्ये कुलूप नव्हते का?

होते, आणि या प्रकरणातली खरी मेख तीच. ‘काऊ’चा गायीशी संबंध नाही. ‘कॉपी-ऑन-राइट’ या शब्दांची ती आद्याक्षरे. एखादी फाइल फक्त वाचायची परवानगी असेल आणि ॲपने ती आपल्या मेमरीत खासगी म्हणून घेतली, तर कर्नल सुरुवातीला मूळ पानच दाखवते. ॲपने त्यावर लिहायचे म्हटले की कर्नल झटपट त्या पानाची खासगी प्रत काढते आणि लिखाण त्या प्रतीवर होते. मूळ फाइल शाबूत. तलाठ्याने सातबाऱ्याची झेरॉक्स हाती द्यावी आणि ‘हवे ते खरडा’ म्हणावे, तसे.

हल्लेखोर दोन थ्रेड एकाच वेळी पळवतो. पहिला कर्नलकरवी त्या पानावर लिहायची विनंती करतो. कर्नल प्रत काढते आणि ‘प्रत तर निघाली, आता लिहिण्याची वेगळी परवानगी तपासायला नको’ असे समजून विनंतीवरचा ‘लेखन’ हा शिक्का काढून टाकते. नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेड सांगतो, ‘ही प्रत मला नको, टाकून द्या.’ कर्नल प्रत टाकते. पहिले काम पुन्हा पान शोधायला जाते. शिक्का नसल्याने ते आता साधे वाचन समजले जाते आणि हाती येते मूळ पान. लिखाण त्याच्यावर होते. फक्त वाचायला दिलेली, प्रणालीची मालकी असलेली फाइल अशी बदलता आली की पुढचे सगळे दरवाजे उघडतात.

या दोन्ही कामांच्या वेळी कुलूप घेतलेले असे. पण ते ‘वाचक-लेखक’ प्रकारचे कुलूप होते : वाचणारे कितीही जण एकत्र आत येऊ शकतात, लिहिणारा मात्र एकटाच. मेमरीच्या नकाशाची मांडणी बदलत नाही म्हणून दोन्ही कामे ‘वाचक’ म्हणूनच आत जात आणि म्हणून एकमेकांना अडवत नसत. कुलपाने आपले काम चोख केले. ज्याला ते राखायचेच नव्हते, तिथून चोर शिरला.

ही त्रुटी आधी कोणाला माहीत होती का?

हो. दुरुस्तीसोबतच्या टिपणात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच लिहिले की, ही शर्यत रोखण्याचा प्रयत्न आपण अकरा वर्षांपूर्वी केला होता आणि तो नीट जमला नव्हता. आयबीएमच्या एस३९० या मोठ्या संगणकांवर अडचणी आल्याने तो बदल मागे घेतला गेला. त्या काळी हा धोका कागदावरचा वाटे. पुढे कर्नलची मेमरी व्यवस्था अनेक कोअरवर अधिक मोकळेपणाने चालू लागली, तसा तो घडवून आणणे सोपे झाले. २०१६ मध्ये प्रोग्रामर फिल ओस्टर यांना हल्ल्याची फाइल सापडली ती सर्व्हरवरील वाहतुकीच्या नोंदींमध्ये. म्हणजे चोरांना फट आधीच ठाऊक होती.

दुरुस्तीत नवे कुलूप लावले गेले नाही. ‘लेखन’ हा शिक्का काढायचा नाही, ‘प्रत काढली आहे’ असा वेगळा शिक्का मारायचा आणि ती प्रत अजून जागेवर आहे का हे पाहायचे, एवढाच बदल.

सरळ आणखी कडक कुलूप का नाही?

कारण प्रत्येक कुलूप वेग खाते. एकाच कुलपाची नोंद कोअरच्या कॅशमधून इकडून तिकडे फिरवण्यातच वेळ जातो. म्हणून पॉल मॅककेनी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये ‘आरसीयू’ ही पद्धत लिनक्समध्ये आली. तिच्यात वाचणाऱ्याला कुलूपच नाही. बदल करणारा नवी प्रत तयार करतो, फलकावरची जुनी सूचना काढून नवी लावतो आणि जुनी वाचत असलेले सगळे निघून जाईपर्यंत ती फाडत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ६.१ या आवृत्तीसोबत रस्ट ही भाषाही कर्नलमध्ये आली. कुलूप न घेता माहितीला हात लावणारा प्रोग्राम रस्टचा कंपायलर तयारच होऊ देत नाही. पण ‘डर्टी काऊ’सारखी चूक, जिथे प्रत्येक पायरी नियमानुसार आणि क्रम तेवढा घातक, ती केवळ भाषा बदलून पकडली जाईलच असे नाही.

फोनधारकांना याची झळ बसली का?

अँड्रॉइडसाठीची दुरुस्ती गुगलच्या डिसेंबर २०१६ च्या सुरक्षा अपडेटमध्ये आली. पण अपडेट जाहीर होणे आणि प्रत्येक कंपनीच्या फोनवर पोहोचणे यांत मोठे अंतर असते. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने ‘झेडएनआययू’ हे ‘डर्टी काऊ’ वापरणारे अँड्रॉइड मालवेअर उघड केले. ४० हून अधिक देशांत ते आढळले आणि बाधितांपैकी बहुतेक चीन व भारतातील होते. एसएमएसद्वारे पैसे उकळण्याची त्याची युक्ती चिनी मोबाइल कंपन्यांपुरतीच चाले, मात्र फोनमध्ये चोरवाट ते इतर देशांतही तयार करत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूळ दुरुस्तीही अपुरी ठरली : मोठ्या आकाराच्या मेमरी पानांच्या बाबतीत तीच फट उरली होती आणि तिला सीव्हीई-२०१७-१०००४०५ हा वेगळा क्रमांक देऊन पुन्हा दुरुस्ती करावी लागली. आपल्या फोनला शेवटची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या तारखेची मिळाली आहे, ते सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या विभागात अँड्रॉइड आवृत्तीच्या माहितीत पाहता येते.