स्क्रू नसलेला चेनसॉ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉच्या कार्बोरेटरवर दोन बारीक स्क्रू असतात. एच स्क्रू पूर्ण रेसला किती पेट्रोल जावं ते ठरवतो, एल स्क्रू मंद गतीला. हवा थंड झाली, उंची वाढली किंवा पेट्रोल बदललं की हे स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचे आणि कान आवाजाकडे ठेवायचा. पेट्रोल कमी पडलं तर मशीन सुरुवातीला जास्तच जोमात ओरडतं आणि थोड्या वेळात पिस्टन घासून सीझ होतो. साधारण २०१० च्या आसपास जर्मनीच्या स्टिलने ‘एम-ट्रॉनिक’ आणि स्वीडनच्या हुस्कवार्नाने ‘ऑटोट्यून’ या नावाने व्यावसायिक चेनसॉमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवलं. त्यामागे अमेरिका आणि युरोपातले धुराचे कडक नियम होते, तशी लाकूडतोड्यांची सोयही होती. तेव्हापासून या मशीनबद्दल मालकांची टोकाची मतं ऐकू येतात. एकाला ते हात न लावता वर्षानुवर्षं चालणारं वाटतं, दुसऱ्याला डोकेदुखी. दोघांच्याही बोलण्यात काही समजुती मात्र सारख्याच चुकीच्या असतात.

‘आत सेन्सर असतो, तो धूर तपासतो’

गाडीच्या धुराच्या नळीत असतो तसा ऑक्सिजन सेन्सर इथे नाही. बॅटरीही नाही. फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधून मिळणाऱ्या विजेवर एक छोटा नियंत्रक चालतो आणि तो कार्बोरेटरमधल्या विद्युत-झडपेची उघडझाप करतो. त्याला प्रामुख्याने कळतात ते इंजिनाचे फेरे. मशीन चालू असताना तो पेट्रोल क्षणभर किंचित कमी-जास्त करतो आणि फेऱ्यांवर काय परिणाम झाला ते बघतो. पेट्रोल कमी केल्यावर फेरे वाढले तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. घटले तर आधीच कमी होतं. अनुभवी मेकॅनिक स्क्रू फिरवून कानाने हेच करतो. फरक इतकाच की नियंत्रक ते काम चालू असताना पुन्हा पुन्हा करत राहतो, त्यामुळे फिल्टर भुशाने हळूहळू बंद होत चालला किंवा महाबळेश्वरसारख्या साधारण १,३५० मीटर उंचीवर काम निघालं तरी हिशेब जुळतो.

यातूनच आणखी एका तक्रारीचा उलगडा होतो. नवीन मशीन आणून अंगणात रिकाम्या रेसवर गरगरवलं आणि ‘आवाज अडखळतो’ म्हणून परत नेलं, असं बरेच जण करतात. लाकडात न घालता पूर्ण रेस दिली की फेरे ठरावीक मर्यादेपाशी रोखले जातात, तो अडखळता आवाज त्या रोखण्याचा असू शकतो. नियंत्रकाला खरी माहिती मिळते ती भाराखाली, म्हणजे चांगल्या जाड ओंडक्यात कापताना. काही मॉडेलना फिल्टर किंवा दुसरा भाग बदलल्यावर पुन्हा जुळवून घेण्याची एक ठरलेली पद्धत असते. ती मॉडेलनुसार बदलते, तेव्हा पुस्तिकेतलीच पाळावी. त्यात पूर्ण रेसला चेन फिरवावी लागली तर आसपास कुणी उभं नको.

‘संगणक आहे, म्हणजे सीझ होणारच नाही’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पेट्रोलमध्ये ऑइल किती आहे हे त्या नियंत्रकाला अजिबात कळत नाही. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. ते विसरलं तर कुठलाही प्रोग्रॅम पिस्टन वाचवत नाही. ‘थोडं जास्त ऑइल घातलं की मिश्रण श्रीमंत होतं’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, हेही उलटं आहे. ऑइलने जागा व्यापली की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी येतं.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. क्रँकशाफ्टचं सील कडक झालं किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी नळीला चीर पडली की तिथून जादा हवा आत शिरते. स्क्रूवाल्या मशीनची रेस तेव्हा आपोआप चढते, कापणारा सावध होतो. स्वयंचलित मशीन मात्र गुपचूप पेट्रोल वाढवून ते दुखणं झाकतं. झडपेची मर्यादा संपेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही, आणि ती संपते तेव्हा वेळ थोडा उरतो. म्हणून अधिकृत सेवा केंद्रात मशीन संगणकाला जोडून तपासून घेणं मला फुकटचा खर्च वाटत नाही, रोज कापणाऱ्यासाठी तर नाहीच.

‘ई-२० पेट्रोलची आता काळजी नाही’

आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागल्यापासून हा प्रश्न खरोखर आपला झाला आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच सेटिंगवर मिश्रणात इंधन कमी पडतं. स्टिलच्या पुस्तिका हाताने ट्यून करायच्या इंजिनांसाठी १० टक्क्यांवर अल्कोहोल नको म्हणतात. एम-ट्रॉनिक इंजिन मात्र २७ टक्क्यांपर्यंत पूर्ण ताकद देतं, असं त्याच पुस्तिकांत आहे. हुस्कवार्ना १० टक्क्यांचीच मर्यादा सांगते. तेव्हा ‘सगळे ऑटोवाले सारखेच’ असं समजून चालणार नाही. शिवाय ताकद हा एक मुद्दा झाला, साठवण हा वेगळा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टाकीत पडून राहिलेलं मिश्रण कुठल्याच झडपेला सुधारता येत नाही. काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं.

‘ताकद गेली, म्हणजे ट्यूनिंग बिघडलं’

आधी भुसा बघा. पिठासारखा बारीक पडत असेल तर चेन बोथट आहे. धार लावली की ‘बिघडलेलं’ इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा सुधारतं! त्यानंतर एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर, प्लग, सायलेन्सरची जाळी या क्रमाने बघावं.

पहिल्या पिढीतल्या काही मॉडेलबद्दल मालकांची तक्रार मात्र खोटी नव्हती. तापलेलं मशीन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेलं की ते दाद देत नसे. पुढे कार्बोरेटर आणि प्रोग्रॅम बदलत गेले. जुनं मशीन स्वस्तात घेताना म्हणूनच ते आधी तापवून, थांबवून, पुन्हा सुरू करून बघावं.

२०१९ चा स्टिलचा एमएस ५०० आय हा चेनसॉही अनेकदा या स्वयंचलित कार्बोरेटरवाल्या मशीनमध्येच धरला जातो. त्यात कार्बोरेटरच नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं, त्यामुळे त्याची दुरुस्तीही वेगळी.

‘स्क्रूवालं मशीन घेणं म्हणजे मागे राहणं’

रोज वेगवेगळ्या जागी कापणाऱ्या ठेकेदाराला स्वयंचलित मशीनचे पैसे वसूल होतात, सेवा केंद्र हाताशी असेल तर. बागेत वर्षातून दोनदा फांद्या उतरवणाऱ्याला, ज्याच्या तालुक्यात संगणकाला जोडून तपासणारं कुणी नाही आणि स्क्रू फिरवणारा मेकॅनिक मात्र नाक्यावर आहे, त्याला मी तरी दोन स्क्रूंचं, सुटे भाग मिळणारं चांगलं मशीनच घ्यायला सांगेन.